एवढ्यासाठी

रात्री पावणेदोनला कुमुद उठून बसली
आणि म्हणाली, जबडा दुखतोय.
जबडा. छाती नाही.
म्हणून मी दाढेचा विचार केला, लवंग शोधायला गेलो,
लवंगेच्या डबीत मोहरी निघाली.
मग म्हणाली, खांद्यातही ओढतंय काहीतरी,
रात्री वाल खाल्ले ना, पित्त असेल.
इनो दे. झोप तू.

इनो फसफसून शांत झाला.
ती झाली नाही.

एकतीस वर्षं मी महापालिकेच्या पाणीखात्यात
मीटरचे आकडे उतरवले.
किती थकलं की नोटीस, किती थकलं की जोडणी तोडायची,
सगळं तक्त्यात होतं.
माणसाचं कुठपर्यंत कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे
आणि कुठून पुढे मोठ्या हॉस्पिटलात,
हा तक्ता मला कुणी दिला नव्हता.

सबनीसांचा दवाखाना साडेदहालाच बंद.
चुनाभट्टीच्या फाटकाअलीकडे, डावीकडे, नर्सिंग होम:
हिरवा दिवा, चोवीस तास, काचेचा दरवाजा,
तिथे निदान खुर्ची मिळते, अहोजाहो करतात.
फाटक ओलांडून पुढे सायन:
स्ट्रेचरची रांग, पोलीस, कुणाचंतरी रडणं.
सकाळपर्यंत बाकावर बसवतील, कुमुद म्हणाली,
एवढ्यासाठी सायनला जातं का कुणी?

आमच्या घरातला हा सगळ्यात जुना शब्द.
एवढ्यासाठी टॅक्सी कशाला.
एवढ्यासाठी मुलीला नाशिकहून बोलवू नकोस.
ती साडी बदलायला लागली, बाहेर जायची, चांगली.
निऱ्या घालता घालता हात थांबले
आणि तिने पलंगाची कड धरली.

खाली बेकरीसमोर मुश्ताक टेम्पोत पाव भरत होता.
तिला पुढे बसवलं. मागे क्रेटांमधे मी,
गरम लाद्यांना पाठ टेकून,
आणि त्याही वेळी वास चांगला वाटला, हे खरं सांगतो.

फाटक उघडं. कधी नव्हे ते उघडं.
मी जाळीवर थाप मारली: डावीकडे घे, डावीकडे.
मुश्ताकने गाडी हळू केली. तिच्याकडे बघितलं.
काका, चाचींना घाम आलाय. जानेवारीत.
मी म्हटलं, आधी इथे दाखवू, मग ते सांगतील तसं.
तो म्हणाला,
अब्बांच्या वेळी मी डावीकडेच वळलो होतो.

आणि सरळ घातली.
रुळांवर दोन लाद्या उडून माझ्या मांडीत आल्या.

सायनला रांग होतीच. पोलीस होता. रडणंही होतं.
पण एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने लांबूनच तो घाम बघितला
आणि कुमुदला रांगेतून वेगळं काढलं,
खडा निवडावा तसं, एका बोटात.
हातापायांना चिमटे लागले. कागद सरसरत बाहेर आला.
कधीपासून दुखतंय?
पावणेदोन, मी म्हणालो.
सातपासून, कुमुद म्हणाली.

सातला ती वाल सोलत होती.
साडेआठला मला वाढलं.
मी म्हणालो होतो, मीठ कमी पडलंय.

उजाडायला मुश्ताक परत आला, सगळीकडचे बोल खाऊन,
एक लादी पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली.
डॉक्टरीणबाई कालच्या दुपारपासून उपाशी होत्या.
त्यांनी पाव चहात बुडवला, म्हणाल्या,
अजून अर्धा तास तिकडे गेला असता ना, तर
आणि तुटून पडायच्या आत तोंडात घातला.
पुढचं वाक्य कपातच राहिलं.
मीही ढवळलं नाही.

आत कुमुद, नळ्यांमधे, लहान दिसत होती.
मला बघून म्हणाली, गॅस बंद केलास ना?
आणि जरा वेळाने,
केवढी माणसं जागवलीस, एवढ्यासाठी.

मीठ बरोबर होतं, मी म्हणालो.